हिमालयात बर्फ, वेण्णालेकला दहिवर: थंडीच्या मागावर निघण्याआधीची तयारी

काश्मीर-हिमाचलात मोठी बर्फवृष्टी होणार अशी बातमी आली की साताऱ्यातल्या हवामानवेड्यांना घरात बसवत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णालेक तळ्याकाठी पहाटे गोठलेलं दव, म्हणजे दहिवर, बघायचं असतं. तयारी तेव्हाच सुरू करावी, गाडी मात्र काढू नये. पश्चिमी झंझावात, म्हणजे ही बर्फवृष्टी आणणारी हवेची प्रणाली, भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतो आणि तो उत्तरेत असेपर्यंत आपल्याकडे बऱ्याचदा उलटंच घडतं: ढग येतात, रात्री उबदार होतात, लोक म्हणतात थंडी पळाली. तो पूर्वेकडे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे उतरतात आणि मग खरा गारठा. म्हणून रोज संध्याकाळी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाचं चित्र बघत जा. ढगांचा पट्टा हिमालय सोडून पुढे गेला आणि नाशिक-जळगावचा पारा उतरू लागला, की पिशवी भरायला घ्या.

विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर अंदाज देणारी दोन संगणकी मॉडेलं, अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं, दोन्ही उघडा. त्यातल्या किमान तापमानावर फार विसंबू नका. या मॉडेलांची चौकट साधारण 9 ते 13 किलोमीटरची, तेवढ्या भागाला एकच आकडा. वेण्णालेक-लिंगमळ्याचा खोलगट भाग त्यात कुठेच दिसत नाही. बघायचं ते वारा, ढग आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तो आकडा. वारा पडलेला हवा, आभाळ निरभ्र हवं. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. ती असेल तर दिवसाची ऊब वर निसटत नाही. हवा फारच कोरडी असली तर पारा उतरेल, पण गवतावर पांढरं काही धरणार नाही. तळ्याकाठी थोडी ओल असते, ती इथे कामाला येते.

सगळ्यात जास्त लक्ष तापमापकाकडे द्या, कारण वादही त्यावरूनच होतात. दोन घ्या. निघण्याआधी बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून दोन्ही त्यात बुडवा. काही मिनिटांनी शून्य दाखवायला हवं. फरक येईल तो वहीत लिहून ठेवा आणि नंतर प्रत्येक नोंदीत धरा. डिजिटल असेल तर फक्त टोकाची सळई बुडवा. तिथे पोचल्यावर एक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास टांगायचा, दुसरा गवतावर. निरभ्र, शांत रात्री गवतावरचा पारा वरच्यापेक्षा सहज काही अंशांनी खाली असतो. शिवाय थंड हवा जड, ती उतारावरून ओघळून तळ्याच्या खोलग्यात साठते. महाबळेश्वरची वेधशाळा उंचावर. त्यामुळे वेधशाळेचा आकडा आठ-नऊ अंश आणि वेण्णालेकच्या जेट्टीवर गोठलेलं दव, हे एकाच पहाटे खरं असू शकतं. याच कारणाने पुण्या-साताऱ्याचं किमान तापमान कित्येकदा महाबळेश्वरपेक्षा खाली जातं. पर्यटकांना हे सांगून पटत नाही. ‘पारा उणे’ असा फोटो पुढे ढकलण्याआधी तो तापमापक गाडीच्या टपावर ठेवलेला होता का, तेवढं विचारा.

अंगावर एक जाड जर्किन घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. कानटोपी, लोकरी मोजे घ्याच, आणि मोज्यांचा जादा जोड, कारण दवात बूट भिजतात. पॉवर बँक आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. नोंदींना पेन्सिल, टॉर्च, थर्मासभर चहा, शेंगदाण्याची चिक्की. बाकी ज्याची त्याची आवड.

साताऱ्याहून मेढ्यामार्गे केळघर घाट, वाईहून पसरणी. खाली दरीत धुकं दाटलेलं असू शकतं आणि वर जंगलपट्ट्यात रस्त्यावर गवा उभा असतो, तेव्हा घाई नको. घाट चढून गेल्यावर काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको. दोन्हीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

स्ट्रॉबेरीच्या मळ्यात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आपल्याला फोटो हवा असतो, त्याच्या पानांवर मात्र तेच दव गोठून नुकसान करत असतं. परवानगी मिळाली तरी गादीवाफ्यावर चढू नका.

जागेवर साडेपाचपर्यंत पोचा. पारा सगळ्यात खाली सूर्योदयाच्या आसपास जातो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. ऊन पडलं की पांढरं झरझर विरघळतं. दर अर्ध्या तासाला वेळ, तापमापकाची उंची, वारा आणि आभाळ लिहा. काहीच गोठलं नाही तरी नोंद पूर्ण करा. आणि आदल्या रात्री दहाला तिकडच्या कुणाला तरी फोन करून चांदण्या दिसताहेत का विचारा. ढग आले असतील तर थर्मास भरू नका, चहा घरीच प्या.