हैतीतल्या 'तुसाँ' आडनावाचं मूळ शोधायचंय? मग फ्रान्सकडे सगळ्यात शेवटी वळा

तुसाँ म्हणजे फ्रेंचमध्ये सर्व संतांचा सण, १ नोव्हेंबर. त्या सुमारास जन्मलेल्या पोराचं नाव तुसाँ ठेवायचे, पुढे त्याचंच आडनाव झालं. एवढं कुठल्याही साइटवर मिळतं आणि त्याखाली लगेच फ्रान्सच्या लोरेन भागातल्या नाहीतर बेल्जियमच्या एखाद्या घराण्याची वंशावळ चिकटवलेली असते. हैतियन माणसाने तिच्याकडे बघूसुद्धा नये.

आधी घरातल्या म्हाताऱ्यांकडून नावं आणि गावं लिहून घ्या. क्रेओल, म्हणजे हैतीच्या बोलीतलं 'तुसें' हे रूपही शोधा.

मग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर हैतीची जन्ममृत्यूची रजिस्टरं उघडा, फुकट आहेत. जुन्या नोंदींत 'स्वातंत्र्याचं २२वं वर्ष' असं काही दिसलं तर त्यात १८०३ मिळवा, म्हणजे १८२५.

आता खरी अडचण. एका हैतियन मैत्रिणीसाठी मी आठ महिने फक्त तुसाँ आडनावाची माणसं शोधत बसले होते, मागे मागे जात एका ठिकाणी सगळं तुटायचं, पणजोबांचे वडील सापडायचेच नाहीत. चूक ही होती की मी आडनाव शोधत होते, माणूस नाही. हैती फ्रेंच वसाहत होती तेव्हा तिथल्या गुलामांना आडनाव नसायचं, नुसतं एक नाव असायचं, आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी गोऱ्यांची आडनावं लावू नयेत असा नियमच १७७३ मध्ये निघाला होता. त्यामुळे सुटका झाल्यावर खूप घरांत बापाचं पाळण्यातलं नाव हेच पोरांचं आडनाव झालं. आपण बापाचं नाव मधे लावतो, तिथे ते शेवटी जाऊन बसलं, एवढंच समजा. म्हणजे पिएर तुसाँचा बाप तुसाँ नावाचा, पण आडनावाने भलताच असू शकतो! आई-बापाचं लग्न झालेलं नसेल तर मूल आईच्या नावावरही लागतं, सख्खे भाऊ दोन आडनावांचे सापडतात. म्हणून नोंदीतलं आडनाव बाजूला ठेवा, आईचं नाव, गाव आणि साक्षीदार जुळवा. मला अखेर तो माणूस एका साक्षीदारामुळे सापडला, दोन मुलांच्या जन्मनोंदींखाली तोच शेजारी होता.

आणि कृपा करून हैतीतल्या गुलामांच्या उठावाचे पुढारी तुसाँ लुवेर्त्यूर यांचे वंशज आहोत असं नुसत्या आडनावावरून सांगू नका. तुसाँ हे त्यांचं पहिलं नाव, मळ्यावरून त्यांना तुसाँ ब्रेदा म्हणायचे, लुवेर्त्यूर १७९३ पासून. मुलगा इझाक, तोही लुवेर्त्यूरच.

१८०४ च्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या मागे जायचं तर फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या वसाहती अभिलेखागाराची ऑनलाइन रजिस्टरं आहेत, पण त्यांत बहुतेक गोरे आणि मुक्त लोकच भेटतात. गुलाम सापडतात ते मळ्यांच्या मालमत्ता-याद्यांत आणि पळून गेलेल्यांच्या जाहिरातींत. तिथे नुसतं नाव, वय, आफ्रिकेतला कुठला (काँगो की अरादा) आणि अंगावर डागलेली मालकाची अक्षरं असतात. वाचताना पोटात कालवतं, पण त्या ओळी सोडू नका, मळ्याचं नाव हाती लागतं ते तिथेच.

फ्रान्सचं शेवटी. जेओपात्रोनिम या फ्रेंच आडनावांच्या साइटवर १८९१ ते १९९० मधल्या जन्मांचे जिल्हावार आकडे आहेत. ते फक्त फ्रान्समध्ये जन्मलेल्यांचे, आणि पॅरिसच्या आसपासचे तुसाँ लोरेनहून आलेले की हैतीहून, हे त्या आकड्यावरून कळत नाही.