प्रभाव वेगळा, लौकिक वेगळा: समाजमाध्यमांवर दोन्ही कसे मोजावेत

समाजमाध्यमांवर आपले कसे चालले आहे, असे संस्थाचालकांनी विचारले की उत्तरादाखल बहुधा फॉलोअरची संख्या सांगितली जाते. मी काही वर्षे एका छोट्या मराठी प्रकाशन संस्थेची खाती सांभाळली आणि सुरुवातीची दोन वर्षे माझ्या अहवालातही हीच संख्या सर्वांत वर असे. ती वाढत होती. पुस्तकांची मागणी मात्र जिथल्या तिथे होती आणि पार्सल उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी वाढत होत्या. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे शोधताना जी पद्धत हाती लागली, ती येथे मांडतो. उदाहरणे प्रकाशन व्यवसायातील असली, तरी नाट्यसंस्था, वाचनालय, बचत गट किंवा एकटा चित्रकार यांनाही ती लागू पडेल.

आधी दोन शब्द वेगळे करून घ्यावेत. आपल्या सांगण्यावरून लोक काही करतात का, हा प्रभावाचा प्रश्न आहे. आपण समोर नसताना लोक आपल्याविषयी काय बोलतात, हा लौकिकाचा. प्रभावाचा पुरावा कृतीत सापडतो, लौकिकाचा शब्दांत. हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेनेही जाऊ शकतात. पुस्तक वेळेवर न मिळालेल्या ग्राहकाच्या संतप्त पोस्टखाली शेकडो प्रतिक्रिया येतात, संस्थेचे नाव चहूकडे जाते आणि केवळ आकडे पाहणाऱ्याला तो महिना उत्तम गेल्यासारखा वाटतो.

दोन्ही गोष्टी एकाच अंकात कोंबण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न म्हणजे २००८ साली सुरू झालेली, सॅन फ्रान्सिस्कोची क्लाउट ही सेवा. ती प्रत्येक व्यक्तीला १ ते १०० यांच्यामधला अंक देत असे आणि मोठा अंक असणाऱ्यांना कंपन्यांकडून भेटवस्तू मिळत. ऑक्टोबर २०११ मध्ये तिने गणिताची रीत बदलली, तेव्हा अनेकांचे अंक एका रात्रीत घसरले. त्या रात्री या लोकांच्या प्रभावात काहीही बदलले नव्हते. बदलले होते ते फक्त मोजमाप, आणि ते कसे केले जाते हे बाहेरच्या कोणालाही पूर्णपणे तपासता येत नव्हते. २०१४ मध्ये लिथियम टेक्नॉलॉजीज या कंपनीने क्लाउट विकत घेतली आणि २५ मे २०१८ रोजी ती सेवा बंद झाली. आजही काही साधने असा एकच अंक देऊ करतात. तो कशापासून बनला हे कागदावर मांडून दाखवता येत नसेल, तर तो अहवालात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न लिहूनच वही उघडावी

मोजणीला बसण्यापूर्वी ज्याचे उत्तर हवे आहे तो प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘आपली लोकप्रियता किती आहे?’ हा मोजता येण्याजोगा प्रश्न नव्हे. ‘दिवाळी अंकाच्या पूर्वनोंदणीपैकी किती नोंदण्या आमच्या पोस्टमुळे झाल्या?’ किंवा ‘गेल्या तिमाहीत आमच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात वितरणाबद्दल किती तक्रारी होत्या?’ हे मोजता येतात. असे दोन प्रश्न पुरेत. प्रश्न वाढले की रकाने वाढतात आणि कोणीच ते भरत नाही.

त्यानंतर गेल्या ९० दिवसांतील प्रत्येक पोस्टसाठी तक्त्यात एक ओळ करावी: तारीख, विषय, ती किती खात्यांपर्यंत पोहोचली, लाइक, प्रतिक्रिया, शेअर आणि जतन केल्याची संख्या. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर हे आकडे व्यावसायिक खात्याच्या इन्साइट्स विभागात मिळतात. ते हाताने उतरवून घेण्याचा कंटाळा करू नये. उतरवताना कोणती पोस्ट कशामुळे चालली हे लक्षात येते, आणि ते यंत्राने काढलेल्या आलेखात दिसत नाही.

आता सरासरीपासून सावध राहावे. समजा, नऊ पोस्टना मिळालेले लाइक ४०, ५५, ३८, ६२, ४७, ५१, ३९००, ४४ आणि ५८ असे आहेत. यांची सरासरी ४७७ येते, पण नऊपैकी आठ पोस्ट त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला, तर मध्यक ५१ येतो आणि तोच रोजची स्थिती सांगतो. आमच्याकडे ३९०० च्या जागी पावसाळ्यातील घाटाचे एक छायाचित्र होते. ते खूप पसरले, पण त्यामुळे एकही पुस्तक गेले नाही. अशा पोस्टची नोंद जरूर ठेवावी, परंतु तिला संपूर्ण तिमाहीचा अर्थ ठरवू देऊ नये.

प्रतिसादाचे प्रमाण काढताना भागाकार फॉलोअरच्या संख्येने न करता पोस्ट जितक्या खात्यांपर्यंत पोहोचली त्या संख्येने करावा. फॉलोअरपैकी पुष्कळांना पोस्ट दिसतच नाही, आणि ज्यांना दिसते त्यांतले अनेक जण फॉलोअर नसतात. शिवाय लाइक, शेअर आणि जतन करणे यांची बेरीज करून एकच आकडा तयार करण्यापेक्षा ते वेगवेगळेच ठेवावेत. अंगठा दाबणे आणि एखाद्याने आपल्या माणसांना आवर्जून पाठवणे यांत मोठा फरक आहे.

फॉलोअरची संख्या आणि प्रभाव यांचे नाते किती सैल आहे, हे संगणकशास्त्रज्ञ मीयंग चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ट्विटरच्या अभ्यासात दिसते. सुमारे साडेपाच कोटी खात्यांच्या माहितीवरून त्यांनी तीन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या: किती जण अनुसरण करतात, किती जण मजकूर पुढे पाठवतात आणि किती जण नाव घेतात. पहिल्या यादीत अग्रभागी असलेली खाती उरलेल्या दोन याद्यांत अग्रभागी असतीलच असे नाही, असे त्यांना आढळले. मजकूर पुढे जातो तो त्याच्या गुणावर. नाव घेतले जाते ते नावाच्या वजनामुळे. म्हणून शेअर आणि उल्लेख हे दोन रकाने कधीही एक करू नयेत. लहान संस्थेचे उल्लेख थोडे असतात, पण तिचा एखादा चांगला मजकूर तिच्या नावाच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो.

दुसऱ्या कोणाचा प्रभाव जोखायचा असेल, उदाहरणार्थ पुस्तकाचा परिचय करून देण्यासाठी एखाद्या इन्फ्लुएन्सरला मानधन द्यायचे असेल, तर विकत घेतलेल्या फॉलोअरची शंका आधी दूर करावी. त्याच्या फॉलोअरच्या यादीत वरून, मधून आणि खालून मिळून शंभर खाती उघडून पाहावीत. त्यांतील किती खात्यांना छायाचित्र नाही, किती खात्यांवर एकही पोस्ट नाही आणि किती खाती हजारोंना अनुसरत असूनही त्यांना कोणी अनुसरत नाही, हे मोजावे. प्रतिक्रिया वाचाव्यात, ‘मस्त’, ‘अप्रतिम’ आणि हृदयाची चिन्हे यांपलीकडे पुस्तकातील मजकुराविषयी कोणी काही विचारते आहे का, हे पाहावे. त्याने पैसे घेऊन केलेल्या पोस्ट आणि स्वतःहून केलेल्या पोस्ट यांचे मध्यक वेगवेगळे काढावेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचना यांनुसार असे व्यावसायिक संबंध उघडपणे सांगणे आवश्यक असल्यामुळे ही विभागणी करता यायला हवी. जिथे ती करताच येत नाही, तिथे मानधनाची बोलणी थांबवावीत.

प्रभावाची अखेरची कसोटी समाजमाध्यमाच्या बाहेर असते. प्रत्येक माध्यमासाठी दुव्याच्या शेवटी वेगळी यूटीएम खूण (वाचक कुठून आला हे सांगणारी छोटी अक्षरे) जोडावी, म्हणजे विक्रीच्या पानावर कोण कुठून आले ते कळते. सवलतीचे संकेतशब्दही वेगवेगळे द्यावेत. पण मराठी वाचकांमध्ये दुवा बहुधा व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरतो, अनेकदा केवळ मुखपृष्ठाचे छायाचित्र म्हणून, आणि तो प्रवास कोणत्याही खुणेत सापडत नाही. त्यावर उपाय जुनाच आहे. मागणीच्या अर्जावर आणि ग्रंथप्रदर्शनातील गल्ल्यावर ‘हे पुस्तक आपल्याला कुठे कळले?’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तर ग्राहकाच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘मावशीने पाठवले’ हे उत्तर वारंवार येऊ लागले, तेव्हा आमचा खरा प्रसार कोण करत होते हे आम्हाला पहिल्यांदा समजले.

लौकिक: वाचणे हीच मोजणी

लौकिक मोजण्यासाठी आधी उल्लेख गोळा करावे लागतात, आणि येथे मराठीच्या काही खास अडचणी आहेत. नावात ‘कीर्ती’ असेल तर ‘किर्ती’ही शोधावे लागते, रोमन लिपीतील चार-पाच रूपे शोधावी लागतात आणि विभक्तीमुळे होणारी सामान्यरूपेही ध्यानात ठेवावी लागतात, ‘प्रकाशन’ शोधल्यावर ‘प्रकाशनाने’ सापडेलच, याची प्रत्येक साधनाच्या बाबतीत खात्री देता येत नाही. ही रूपे एकदा यादी करून ठेवावीत आणि दर तिमाहीला तीच यादी वापरावी, नाहीतर दोन तिमाहींची तुलना होऊ शकत नाही.

गोळा झालेल्या उल्लेखांतून दोनशे उल्लेख चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणतीही आवडनिवड न करता निवडावेत. दोन व्यक्तींनी ते एकमेकांशी न बोलता वाचावेत आणि प्रत्येकापुढे अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ असे लिहावे. शेजारी विषयही लिहावा: मजकूर, छपाई, किंमत, वितरण, वागणूक. मग दोघांचे किती ठिकाणी जुळले ते पाहावे. समजा, ८० टक्के जुळले. पण काही जुळणी योगायोगानेही होते. दोघांनीही निम्मे उल्लेख अनुकूल, २० टक्के प्रतिकूल आणि ३० टक्के तटस्थ ठरवले असतील, तर केवळ योगायोगाने ३८ टक्के जुळले असते (०.५ × ०.५ + ०.२ × ०.२ + ०.३ × ०.३ = ०.३८). जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या, योगायोग वगळून जुळणी मोजणाऱ्या कप्पा (kappa) या मापानुसार, ८० मधून ३८ वजा करून आलेल्या ४२ ला, १०० मधून ३८ वजा करून आलेल्या ६२ ने भागावे. उत्तर सुमारे ०.६८ येते. एवढी जुळणी काम चालण्याजोगी आहे. ते ०.४ च्या खाली गेले, तर वाचणाऱ्यांना दोष न देता वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिहाव्यात.

हे काम यंत्राकडून करून घेता येईल का, असे हमखास विचारले जाते. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटचा, भावना नोंदवलेला संच उपलब्ध करून दिला आहे आणि त्यामुळे मराठीसाठी अशी साधने घडवणे शक्य झाले आहे. हजारो उल्लेख असतील तर त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र ‘वा, सहा आठवड्यांत पुस्तक आले, धन्य आहे तुमची!’ या वाक्यात ‘वा’ आणि ‘धन्य’ असे दोन कौतुकाचे शब्द आहेत, आणि ती कडवट तक्रार आहे हे मराठी माणसाला क्षणात कळते. म्हणून यंत्राने अनुकूल ठरवलेल्यांपैकी शंभर वाक्ये दर वेळी स्वतः वाचावीत आणि त्यांत किती चुका निघाल्या, ते अहवालात लिहावे.

ताऱ्यांच्या मानांकनात वेगळी गफलत होते. एका पुस्तकाला दहापैकी दहा अनुकूल अभिप्राय आहेत आणि दुसऱ्याला दोनशेपैकी १८०. पहिल्याचे प्रमाण १०० टक्के, दुसऱ्याचे ९०. तरीही दुसऱ्याचा लौकिक अधिक भक्कम आहे, कारण दहा माणसे ओळखीचीही असू शकतात. यावर हाताने करता येण्याजोगा उपाय म्हणजे प्रत्येक बाजूला दोन काल्पनिक अनुकूल आणि दोन काल्पनिक प्रतिकूल अभिप्राय मिळवणे. पहिल्याचे १४ पैकी १२, म्हणजे सुमारे ८६ टक्के होतात. दुसऱ्याचे २०४ पैकी १८२, म्हणजे सुमारे ८९ टक्के. संख्याशास्त्रात ही रीत अ‍ॅग्रेस्टी आणि कूल यांच्या १९९८ च्या लेखामुळे रूढ झाली. अभिप्राय खरे आहेत का, हा प्रश्न त्याहून आधीचा. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले आहे. आपल्या संकेतस्थळावर अभिप्राय घेणाऱ्यांनी ते वाचावे. नातेवाइकांकडून पाच तारे मागवणे तर तत्काळ बंद करावे, कारण त्यामुळे आपलेच मोजमाप आपण नासवतो.

तक्त्यात एक रकाना ‘नियम बदलले’ असा ठेवावा. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीची संख्या इतरांना दिसणे बंद केले. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवरचा शॉर्ट, म्हणजे छोटा व्हिडिओ, सुरू होताच त्याचे एक दर्शन मोजले जाऊ लागले. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) जून २०२४ पासून दुसऱ्याने काय लाइक केले ते दिसत नाही. हे टिपले नाही, तर एप्रिल २०२५ मधील उडी आपल्या कामाची पावती समजली जाते.

शेवटची गोष्ट अहवाल लिहिण्याची. तो एका पानाचा असावा, त्यात सुरुवातीचे दोन प्रश्न जसेच्या तसे असावेत, प्रत्येक टक्केवारीपुढे मूळ संख्या असावी आणि खाली तीन अनुकूल व तीन प्रतिकूल उल्लेख, लिहिणाऱ्याचे नाव काढून, शब्दशः द्यावेत. यातील कोणताही आकडा खाते सांभाळणाऱ्याच्या पगारवाढीशी जोडू नये. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात दाखवले होते की, नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या आकड्यांमधील जुने नाते टिकत नाही. शेअरच्या संख्येवर पगार ठरला, की पुढच्या तिमाहीत पुस्तकांच्या जागी घाटाची छायाचित्रे येऊ लागतात.