मनगटातील दबलेल्या नसेची शस्त्रक्रिया: आधी आणि नंतर

अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग रात्री बधिर होऊन झोप मोडत असेल, तर प्रथम मज्जातंतू वहन चाचणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी तपासणी) करून घ्यावी. रात्री मनगटाला आधाराचा पट्टा बांधूनही आराम पडत नसल्यास किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झिजू लागल्यास शस्त्रक्रिया लांबवू नये, कारण झिजलेला स्नायू पूर्ववत होईलच असे नाही.

शस्त्रक्रियेत बहुधा फक्त तळहात बधिर करून नसेवरचा आडवा अस्थिबंध कापतात; रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. पहिले काही दिवस हात उंच ठेवावा, मात्र बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या लवकर थांबतात. जुनी बधिरता मात्र काही महिने रेंगाळू शकते आणि पकडीची ताकद येण्यास २ ते ३ महिने लागतात. तळहाताच्या बुडाशी दाबल्यावर दुखते, त्याने घाबरू नये.

इंदूरच्या रामबागेतील घरांत गौरी-गणपतीच्या तोंडावर पुरण वाटणे टळत नाही (निदान तसा समज आहे!), म्हणून स्नायू झिजू लागला नसेल तर तारीख सणानंतरची घ्यावी. जखम लाल होऊन स्रवू लागल्यास किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.