शातोनफ-द्यु-पापची बाटली: विकत घेण्यापासून ग्लासात ओतेपर्यंत

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती खोली फ्रान्समधली, जाड दगडी भिंतींची, घरात हीटर येण्याआधीच्या काळातली. एप्रिलमधल्या पुण्या-नाशकातली नव्हे. ३२ अंशांवर शातोनफ-द्यु-पाप ही फ्रेंच रेड वाइन ओतली तर नाकात नुसता दारूचा झणका चढतो आणि फळाचा वास शिजवलेल्या जॅमसारखा लागतो. चांगली बाटली वाया जाते ती बहुतेक वेळा उष्णतेने, त्यामुळे पुढे तापमानाचा विषय पुन्हापुन्हा येईल.

शातोनफ-द्यु-पाप हे मुळात दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी, आव्हिन्योंच्या उत्तरेला वसलेलं गाव; वाइनचं नाव त्यावरूनच. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंला राहत होते, तेव्हा इथे त्यांचा उन्हाळी किल्ला उभा राहिला. नावाचा अर्थही 'पोपचा नवा किल्ला' असाच आहे. (याच गावाच्या मेयरने १९५४ साली उडत्या तबकड्यांना गावाच्या हद्दीत उतरायला बंदी घातली.) इथले नियम कडक आहेत. द्राक्षं हातानेच तोडायची आणि उतारा हेक्टरी ३५ हेक्टोलिटरवर ठेवायचा, म्हणजे एकरी साधारण १,४०० लिटर. अल्कोहोल किमान १२.५ टक्के हवं. प्रत्यक्षात ग्रनाश द्राक्षाच्या गोडीमुळे ते १४ ते १५ टक्क्यांपर्यंत जातं. द्राक्षाच्या १३ जाती चालतात, एकाच जातीचे वेगवेगळे रंग स्वतंत्र मोजले तर १८. बहुतेक रेडमध्ये मात्र ग्रनाशच मुख्य. सिरा आणि मूर्वेद्र जोडीला.

लेबल वाचताना

कुटुंबाच्या मळ्यातली वाइन हवी असेल तर लेबलवरच्या मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करा. 'शातो', म्हणजे किल्ला, हे नुसतं नाव असू शकतं. 'व्हिएय व्हीन्य', म्हणजे जुन्या वेली, या शब्दांना कायद्याची व्याख्या नाही. 'पेर ए फिस', म्हणजे बाप-लेक, हे घाऊक व्यापारीही लिहितात. खरी ओळ तळाशी बारीक अक्षरांत असते: 'मी झाँ बुतेय ओ दोमेन' (Mis en bouteille au domaine) किंवा 'ओ शातो'. याचा अर्थ बाटली मळ्यावरच भरली. 'आ ला प्रोप्रिएते' असेल तर थोडं थांबा, कारण सहकारी वाइनरीही हे शब्द वापरू शकते. शेजारीच बाटली भरणाऱ्याचं नाव-गाव असतं, तेही वाचा. बुचावरच्या पन्नीच्या टोपणावर खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाचं चिन्ह असेल तर ते स्वतंत्र मळेवाल्यांच्या संघटनेचं.

बऱ्याच बाटल्यांच्या काचेवर पोपचा मुकुट आणि फुलीसारख्या ठेवलेल्या किल्ल्या उठावात दिसतात. ही बाटली १९३७ पासूनची. दिसायला रुबाबदार असली तरी आतल्या मालाची हमी ती देत नाही.

घराणी शोधायची तर बोकास्तेल हा मळा पेराँ कुटुंबाकडे १९०९ पासून आहे, व्ह्यू तेलेग्राफ ब्रुनिए कुटुंबाकडे आणि क्लो दे पाप आव्रील कुटुंबाकडे. बोकास्तेलमध्ये मूर्वेद्रचं प्रमाण जास्त असल्याने ती उशिरा खुलते. लेबलवरच्या द्राक्षतोडणीच्या सालांपैकी २०१० आणि २०१६ भक्कम, २००२ पुराच्या पावसाने बुडालेलं. इथली वाइन पहिली चार-पाच वर्षं रसरशीत लागते, मग दोन-तीन वर्षं 'मिटते', म्हणजे वास येत नाही आणि नुसती तुरट लागते. दहाव्या वर्षाच्या आसपास ती परत उघडते. सहा-सात वर्षांची बाटली हाती आली आणि घाई नसेल, तर तशीच राहू द्या.

आणल्यावर

परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी बसत नाही. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवा. प्रवासात साका, म्हणजे वाइनच्या तळाचा गाळ, हलतो, म्हणून बाटलीला किमान दहा दिवस विश्रांती द्या.

दुकानातून घेत असाल तर आधी मान तपासा. बूच काचेच्या कडेच्या वर आलेलं असेल, टोपणाखालून चिकट ओघळ दिसत असेल, किंवा टोपण चिकटून फिरत नसेल, तर बाटली कुठेतरी तापलेली आहे. वाइन फुगून बुचाच्या कडेने बाहेर झिरपली आहे. घेऊ नका. शोकेसमध्ये दिव्याखाली उभी ठेवलेलीही नको.

साठवायला १२ ते १४ अंश आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता हवी. बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर वर्षानुवर्षं साठवण्याचा नाद सोडा. घरचा फ्रिज कोरडा असतो, बूच हळूहळू आकसतं; दोन-तीन महिने मात्र खालच्या कप्प्यात आडवी ठेवायला हरकत नाही. उन्हाळ्यात ३५ अंश होणाऱ्या कपाटापेक्षा तो कितीतरी बरा. सगळ्यात वाईट जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या माळ्यावरची.

उघडताना

बाटली आठ-दहा वर्षांहून जुनी असेल तर आदल्या दिवशीच उभी करा. साका तळाशी बसायला २४ तास लागतात, ४८ असतील तर उत्तम.

तापमान १६ ते १८ अंश हवं. ग्लासात वाइन पटकन तापते, म्हणून ओतताना १५-१६ धरा. फ्रिजमधून (४ अंश) काढली असेल तर ३० अंशांच्या खोलीत साधारण ४० मिनिटं बाहेर ठेवा. उलट, बाटली खोलीइतकीच गरम असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घेऊन त्यात मानेपर्यंत १० मिनिटं बुडवा. नुसता बर्फ काचेला नीट टेकत नाही, म्हणून पाणी हवंच. साका असलेली बाटली हळूच उतरवा आणि उभीच ठेवा.

टोपणाची पन्नी मानेवरच्या कडेच्या खालून कापा. वरून कापली तर वाइन पन्नीला घासून येते. तोंड ओल्या फडक्याने पुसा. जुन्या बाटलीत तिथे काळी बुरशी असते, ती निरुपद्रवी. कॉर्कस्क्रूचं मळसूत्र तारेसारखं वळलेलं हवं. मधोमध दांडा असलेलं स्वस्तातलं मळसूत्र बुचाचा भुगा करतं. मध्यावर टोक लावून सरळ फिरवा आणि एक वेटोळं बाहेर राहील तिथे थांबा, नाहीतर बूच खालून फुटून तुकडे वाइनमध्ये पडतात. १५-२० वर्षांच्या बुचाला मळसूत्राऐवजी बूच ओढायचा दोन पात्यांचा चिमटा बरा: लांब पातं आधी, मग आखूड, हलवत हलवत आत घालायचं आणि फिरवत वर ओढायचं. तरीही मोडलंच तर उरलेल्या तुकड्यात मळसूत्र तिरकं घालून पाहा. तेही जमलं नाही तर तुकडा आत ढकला आणि वाइन बारीक स्टीलच्या चहागाळणीतून गाळा.

आता दोन घोट ओतून हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटाचा वास आला तर बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोअॅनिसोल या रसायनाने वाइन बिघडलेली आहे. ती हवेने सुधारत नाही. उलट वास वाढतो. दुकानदाराला परत द्या. जळक्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास मात्र अर्ध्या तासात उडतो. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास तसाच राहतो. तबेल्याचा, चामड्याचा वास ब्रेटानोमायसीस नावाच्या यीस्टचा. या भागात तो जरासा आला तर काही जण त्याला गुण मानतात, पण त्याखाली फळ उरलं नसेल तर तो दोषच.

काचेच्या जगमध्ये ओतावी का?

तरुण बाटली रुंद काचेच्या जगमध्ये तासभर ठेवली तर तुरटपणा मऊ होतो. आपल्याकडे तेवढ्या वेळात ती २५ अंशांच्या वर जाते, म्हणून जग गार पाण्याच्या भांड्यात ठेवा. चार-पाच तास ठेवू नका. ग्रनाश हवेला फार हळवं आहे, लवकर थकतं.

जुन्या बाटलीत हेतू वेगळा: फक्त साका वेगळा करायचा, तोही प्यायच्या अगदी आधी. मोबाइलचा टॉर्च मानेखाली धरा आणि एका दमात, न थांबता, बारीक धारेने ओता. थांबून बाटली सरळ केली की साका उसळतो. शेवटाला बाटलीच्या खांद्याशी धुराच्या रेघेसारखी काळी धार सरकताना दिसेल. ती मानेत यायच्या आत हात थांबवा. तळाशी ३० ते ५० मिली उरेल, ते मटणाच्या रश्श्यात टाका.

ग्लास मोठ्या पोटाचा, वर निमुळता. तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायचा, सुमारे १२० मिली. बाटलीत सहा ग्लास होतात.

जेवणात तिखटजाळ तांबडा रस्सा नको. साडेचौदा टक्के अल्कोहोल आणि मिरची एकमेकांना पेटवतात, उरते नुसती आग. आंबट पदार्थांशेजारी ही वाइन बेचव वाटते, कारण तिच्यात आंबटपणा मुळातच कमी. अळणी मटण, तव्यावर भाजलेले मटण चॉप्स, मिरी-लसणावर परतलेले मशरूम किंवा हिरवी मिरची न घालता केलेलं वांग्याचं भरीत चालतं.

अर्धी उरणार हे आधीच माहीत असेल तर उघडल्याबरोबर ३७५ मिलीच्या धुऊन वाळवलेल्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. वीस वर्षांची असेल तर त्याच रात्री संपवा.