समोरचं दिसत नाही म्हणून फोर्क वर? फोर्कलिफ्ट चालवताना या चुका टाळा

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये असो की चाकणच्या कारखान्यात, फोर्कवर, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांवर, माल छातीइतका उंच धरून निघालेल्या ऑपरेटरला कारण विचारा. बहुतेकदा तो म्हणेल, "समोरचं दिसत नाही, म्हणून खालून बघतो." मला सगळ्यात जास्त भीती याच सवयीची वाटते.

फोर्कलिफ्टचा मागचा एक्सल मधोमध एका पिनवर डुलतो. त्यामुळे चाकं चार असली तरी गाडी उभी असते तीनच टेकूंवर: पुढची दोन चाकं आणि ती पिन. गाडी आणि मालाचा मिळून होणारा गुरुत्वमध्य या त्रिकोणात आहे तोवर गाडी उभी राहते. फोर्क जमिनीपासून 15-20 सेंटिमीटरवर आणि मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) मागे झुकलेला असेल, तर हा मध्य खाली राहतो. माल 3 मीटरवर नेला की साधं वळण किंवा जोरात मारलेला ब्रेकही गाडी उलटवायला पुरतो.

दिसत नसेल तर माल खालीच ठेवा आणि मान वळवून, मागे बघत रिव्हर्समध्ये चला. रॅम्पवर मात्र माल नेहमी चढाच्या बाजूला हवा. म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स. चढताना दिसत नसेल तर वाट दाखवायला हेल्पर घ्या, तोही गाडीच्या मार्गापासून दूर उभा राहील असं बघा.

रॅकमधून पॅलेट काढल्यावर वळत वळत माल खाली आणणं ही दुसरी चूक. आधी सरळ मागे या, थांबा, माल उतरवा, मगच वळा.

रिकामी गाडी मास्ट वर ठेवून पळवू नका. काउंटरवेटमुळे (तोल राखायला मागे बसवलेल्या जड वजनामुळे) तिचा मध्य मागे सरकतो आणि मागे तो त्रिकोण अरुंद असतो, म्हणून ती वळणावर सहज आडवी होते.

चालता चालता फोर्क आपोआप खाली येतात म्हणून ते मुद्दाम थोडे वर ठेवताय? सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गळत असेल. गाडी बंद करून मेकॅनिकला दाखवा.

आणि गाडी कलंडलीच तर उडी मारू नका. उडी मारणारा माणूस डोक्यावरच्या लोखंडी गार्डखाली सापडतो. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुका. सीटबेल्ट लावलेला असेल तरच हे जमतं.