वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या सत्राआधी: भाचीसाठी तयारीची यादी

सूर्यफुलाच्या बिया याच आठवड्यात पेर. खाऱ्या, भाजलेल्या उगवत नाहीत, म्हणून बियाणांच्या दुकानातूनच आण. दांडियाबाजारच्या घराच्या गच्चीवर तुळशीशेजारी दोन कुंड्या रिकाम्या पडल्या आहेत. त्यांत आठ-दहा बिया टोच आणि कडेला मक्याचे चार दाणे लाव. सुरुवातीच्या प्रॅक्टिकलांत द्विदल खोडाचा छेद, म्हणजे आडवी पातळ चकती, येतोच, आणि वर्गात वाटायला आणलेलं खोड पुष्कळदा जून निघतं. ते ब्लेडला दाद देत नाही. तुझ्याजवळ पेन्सिलीहून बारीक, कोवळं, रसरशीत खोड असलं की निम्मी अडचण सरली. हरभऱ्याची घाई नाही. रात्री भिजत घालून सकाळी ओल्या फडक्यात बांधलास की आठवड्याभरात मुळं छेद घेण्याजोगी होतात.

आता डबा भर. ब्लेडचं अख्खं पाकीट घे, कारण एक ब्लेड एका प्रॅक्टिकलपुरतंच. दुधारी असेल तर एका धारेवर चिकटपट्टी लाव, बोट वाचतं. शून्य नंबरचा ब्रश, दोन सुया, ड्रॉपर, जुन्या सुती साडीचं मऊ फडकं, एचबी पेन्सिल, चांगलं खोडरबर आणि एप्रन. एप्रनला कंटाळू नकोस, छेद रंगवायच्या सॅफ्रानिनचा लाल डाग कपड्यावरून जात नाही. जर्नलची पानं कोरी असतानाच अनुक्रमणिका आणि तारखांचे रकाने आखून ठेव. सबमिशनच्या आठवड्यात सगळा वर्ग रात्री जागतो, तो याच एका कामापायी.

छेद घेण्याचा सराव मात्र आधी घरी कर, कारण तिथे कोणी घाई करत नाही. ब्लेड आणि खोड दोन्ही ओलं हवं. खोड डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत उभं धरायचं, अंगठा थोडा खाली. ब्लेड आडवं ठेवून तिरकस, आपल्याकडे, एका ओढीत आणायचं. करवतीसारखं पुढेमागे केलंस की पेशी फाटतात. वीस-पंचवीस छेद पाण्यात सोड आणि त्यातला जो जवळजवळ दिसेनासा झालाय तो ब्रशने उचल. पूर्ण गोल मिळाला नाही तरी चालेल, पातळ कडेचा तुकडा जाड चकतीपेक्षा पुष्कळ जास्त सांगतो. सॅफ्रानिन मिनिटभर, मग धुणं, मग ग्लिसरीनचा एक थेंब आणि कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी टेकवून हळूच खाली. सरळ टाकलीस की बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडेचा तो गोल बुडबुडा पहिल्या महिन्यात प्रत्येकाने पेशी म्हणून काढलेला असतो. पानाचा छेद घ्यायचा तर बटाट्याच्या फोडीला चीर देऊन पान त्यात बसव, नाहीतर ते ब्लेडखाली वाकतं. कण्हेरीचं पान घेतलंस तर नंतर हात साबणाने धू, तिचा चीक विषारी आहे.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा माझे छेद जाडच यायचे, आणि मी पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरवून मोकळी व्हायचे. एकदा सरांनी माझी स्लाइड लावली, आकृतीतल्या मज्जाकिरणावर (गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या पट्टीवर) बोट ठेवलं आणि म्हणाले, हा मला इथे दाखव. स्लाइडवर तो नव्हताच. त्या दिवशी मला जे वाईट वाटलं ते अजून आठवतं. म्हणून सांगते, जे दिसलं तेवढंच काढ. आधी दहाच्या भिंगाखाली, मग चाळीसच्या. वाहिनीचं (पाणी नेणाऱ्या नळीचं) तोंड गोल न दिसता लांबट दिसलं तर आकृती गोल करू नकोस, छेद तिरका गेलाय असं समज आणि दुसरा घे.

काय ओळखायचं हेही आधी मनात हवं. सूर्यफुलाच्या खोडात वाहक पूल (नळ्यांचे जुडगे) गोलात मांडलेले, झायलेम (पाणी नेणारं) आत आणि फ्लोएम (अन्न नेणारं) बाहेर, मधे कॅम्बियमची (नव्या पेशी बनवणाऱ्या थराची) पट्टी. मक्याच्या खोडात तेच पूल विखुरलेले, कॅम्बियम नाही. हरभऱ्याच्या मुळात झायलेम आणि फ्लोएम आळीपाळीने, झायलेमचे बहुधा चार कोन. सर्वांत उपयोगाची खूण म्हणजे आधी तयार झालेलं बारीक झायलेम कुठे आहे ती. खोडात ते केंद्राकडे असतं, मुळात परिघाकडे. व्हायवात (तोंडी परीक्षेत) वडाच्या पारंबीबद्दल विचारतातच, आणि बडोद्याच्या मुलीला तर ते यायलाच हवं, आपल्या गावाचं नावच वडावरून पडलंय. पारंबी हे मूळ. कमाटीबागेत जाशील तेव्हा लोंबणाऱ्या कोवळ्या पारंबीचं टोक नीट बघ, तोडू नकोस. पेर नाही, पान नाही, टोकाला मूळटोपी.

फिजिऑलॉजीची (झाडाचं काम कसं चालतं त्या विषयाची) धडकी मुलींना विनाकारण बसते. एकच कर. कागदावर उभी रेघ मार आणि पाण्याच्या थेंबाबरोबर खालून वर जा. मूलरोम (मुळावरचे बारीक केस), कॉर्टेक्स (त्याच्या आतला जाड थर), मग एंडोडर्मिस (कॉर्टेक्सचा सर्वांत आतला थर). तिथे पाणी न जाऊ देणारी कॅस्पेरियन पट्टी पेशीभित्तिका बंद करते, म्हणून पाण्याला पेशीच्या पटलातूनच जावं लागतं आणि झाडाला काय आत घ्यायचं ते निवडता येतं. पुढे झायलेम, देठ, पान आणि शेवटी पर्णरंध्र, म्हणजे पानावरचं बारीक छिद्र. या रेघेवर अॅनाटॉमीची (आतल्या रचनेची) प्रत्येक आकृती कुठे ना कुठे बसते. दोन वेगळे पेपर म्हणून वाचू नकोस.

या रेघेचा पुरावा पोटोमीटरच्या (फांदी किती पाणी ओढते ते नळीतल्या बुडबुड्याच्या सरकण्यावरून मोजायच्या उपकरणाच्या) प्रॅक्टिकलला हातात मिळतो. फांदी पाण्याखाली बुडवून कापायची असते. सगळे तसं करतात, का ते थोड्यांना माहीत असतं. पानांतून बाष्प उडत राहतं तसा झायलेममधला पाण्याचा स्तंभ ताणलेला असतो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हेच मांडलं: पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात म्हणून ओढ वरून थेट मुळापर्यंत पोचते. हवेत कापलंस की ताणलेला स्तंभ आत सरकतो, मागून हवा शिरते आणि ती नळी निकामी होते. मग तासभर बसलीस तरी बुडबुडा हलत नाही. म्हणून बादलीत बुडवून काप, पाण्याखालीच रबरी बुचात बसव आणि सांध्यांना व्हॅसलिन लाव. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. जुलै-ऑगस्टात बडोद्यात हवा इतकी दमट असते की बुडबुडा गोगलगायीसारखा सरकतो. पंखा लावून आणि बंद करून, दोन्ही वेळा वाचन घे. फरक तिथेच कळेल.

प्लाझ्मोलिसिससाठी (खाऱ्या पाण्यात पेशीतला ऐवज आक्रसतो ते बघायला) र्‍हियोचं पान, खालून जांभळं असणारं, घराघरांतल्या कुंड्यांत मिळतं. जांभळ्या बाजूची साल चिमटीने ओढून काढ आणि आधी पाण्यात बघ: भरलेल्या जांभळ्या पेशी आणि मधे हिरवी पर्णरंध्रं. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाचं दाट पाणी सोड, दुसऱ्या कडेला टिपकागद लाव आणि भिंगावरून डोळा काढू नकोस. जांभळा रंग भिंतीपासून सुटून मधे गोळा होताना दिसतो. लगेच साधं पाणी सोडलंस तर परत पसरतो. हे एकदा बघितलंस की जलविभवातल्या (पाणी कुठून कुठे जाईल ते सांगणाऱ्या मापातल्या) उणे चिन्हाचा घोळ होणार नाही. शुद्ध पाण्याचं जलविभव शून्य, विद्राव्य मिसळलं की ते शून्याखाली जातं. उणे ०.८ मेगापास्कलच्या पेशीतून पाणी उणे १.२ च्या पेशीत जातं, कारण १.२ चा आकडा मोठा दिसला तरी उणे १.२ हे कमी आहे. अशी पाच गणितं सोडव, पुरे.

स्टार्चच्या चाचणीआधी कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची असते, ते कॅलेंडरवर लिहून ठेव. पान स्पिरिटमध्ये उकळायचं ते नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात बसवून, थेट आचेवर कधीच नाही. पेपर क्रोमॅटोग्राफीत (पानातले रंग कागदावर वेगळे करताना) वरून खाली कॅरोटीन, झँथोफिल, क्लोरोफिल ए, क्लोरोफिल बी. हा क्रम पाठच कर.

पानफुटीचा प्रयोग अभ्यासक्रमात नसेल तरी कर, मला तो फार आवडतो. पहाटे एक पान आणि संध्याकाळी एक पान चुरडून रस पीएच पेपरवर लाव. पहाटेचा रस जास्त आम्ल निघतो, कारण हे झाड रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं. पहाटेचं पान आंबट लागतं ही नोंद बेंजामिन हेन यांनी भारतातच केली आणि ती १८१५ मध्ये छापून आली. शास्त्रज्ञांची बाकीची नावं थोडी पुरतात: दाबप्रवाहासाठी (फ्लोएममधून अन्न कसं वाहतं त्यासाठी) १९३० चे म्युंख, कार्बनच्या चक्रासाठी १९६१ चं नोबेल मिळवणारे कॅल्विन, ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकासाठी १९२८ चे वेंट.

नवरात्रात रात्री गरब्याला जाशीलच, जा. फक्त त्या नऊ दिवसांत नवा धडा काढू नकोस. जुन्या स्लाइडच्या आकृत्या न बघता काढ आणि मग जर्नलशी ताडून बघ. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी नवं ब्लेड, तुझा ब्रश आणि गच्चीवरच्या सूर्यफुलाचं एक खोड ओल्या फडक्यात गुंडाळून ने. दुसऱ्या बॅचपर्यंत टेबलावरची खोडं सुकतात. परवानगी विचारून आपलं वापर, आणि दोन जास्तीची ने, शेजारच्या टेबलावर कोणाला तरी लागतील.