परिचारिकांची ओपीडी उभी करताना

परिचारिकांनी चालवायची बाह्यरुग्ण सेवा सुरू करायची म्हटले की चर्चा लगेच खोली, फर्निचर आणि वेळापत्रकावर येते. ही कामे प्रशासन उरकतेच. कोणते रुग्ण आपण घ्यायचे, कोणते निर्णय स्वतः घ्यायचे आणि कोणत्या क्षणी रुग्ण डॉक्टरांकडे पाठवायचा, हे मात्र आपल्यालाच बसून लिहावे लागते आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ त्यालाच लागतो.

सुरुवात एकाच आजारापासून करावी. निदान पक्के झालेले आहे, उपचार ठरलेले आहेत, पण वारंवार तपासणी, औषधाच्या मात्रेत बदल आणि रुग्णाला समजावून सांगणे यांची गरज आहे, असे रुग्ण या ओपीडीसाठी योग्य ठरतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होणे), वॉर्फरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध घेणारे रुग्ण, पायावरच्या जुनाट जखमा, स्टोमाची (मल किंवा मूत्र बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या छिद्राची) काळजी ही त्याची नेहमीची क्षेत्रे आहेत. निदान न झालेली तक्रार घेऊन येणारा रुग्ण आरंभी तरी स्वीकारू नये.

प्रोटोकॉल लिहिताना ‘आवश्यकता भासल्यास डॉक्टरांना कळवावे’ असे वाक्य आले, तर ते खोडून टाकावे, कारण गर्दीच्या दिवशी त्याचा काहीही उपयोग होत नाही. त्याऐवजी आकडा, व्यक्ती आणि मुदत लिहावी. वॉर्फरिन घेणाऱ्या बहुतेक रुग्णांसाठी आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) २ ते ३ या दरम्यान ठेवायचा असतो, परंतु हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेच्या जागी कृत्रिम धातूची झडप असल्यास लक्ष्य सामान्यतः २.५ ते ३.५ असते; म्हणून प्रत्येकाचे लक्ष्य आणि उपचाराचे कारण कागदावर ठळकपणे हवेच. हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, हे नोंदलेले असावे. पायाच्या जखमेवर दाबाची पट्टी बांधण्यापूर्वी डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर पाहावे, ते ०.५ पेक्षा कमी असल्यास पट्टी न बांधता रुग्णाला तातडीने रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधे लिहून देण्याचा परिचारिकेचा अधिकार देशागणिक वेगळा आहे. त्यामुळे आपल्या ठिकाणचा कायदा पाहून, विभागप्रमुख आणि औषध समिती यांची लेखी संमती घेऊन आणि विम्याचे संरक्षण तपासूनच मात्रा बदलण्याचे काम हाती घ्यावे. तोंडी होकारावर कधीही विसंबू नये. होकार देणारे डॉक्टर बदलून गेले की तो होकारही त्यांच्याबरोबर जातो.

काही डॉक्टर साशंक असतात आणि ते स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढे पुरावा ठेवावा: प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या २०१८ च्या कॉक्रेन (वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यानुसार, प्रशिक्षित परिचारिकांनी दिलेल्या सेवेचे परिणाम डॉक्टरांच्या सेवेइतकेच किंवा थोडे अधिक चांगले असण्याची शक्यता दिसली आणि रुग्णांचे समाधानही किंचित अधिक होते. मात्र त्याच आढाव्यात परिचारिकांना प्रत्येक रुग्णामागे जास्त वेळ लागतो, असेही आढळले. हा भाग प्रशासनापासून लपवू नये, कारण डॉक्टरांइतकेच रुग्ण त्याच वेळेत तपासण्याचा आग्रह धरला गेला, तर समजावून सांगण्याचे काम, म्हणजे ही सेवा उभी करण्याचे मुख्य कारणच, आधी गळते. पहिल्या भेटीला पाठपुराव्याच्या भेटीपेक्षा निश्चितच मोठा वेळ राखावा.

काम सुरू होण्याआधी काही काळ डॉक्टरांसोबत बसून रुग्ण पाहावेत आणि प्रत्येक कौशल्यावर त्यांची सही घ्यावी. दुसरी परिचारिकाही तयार ठेवावी. एकीच्या रजेवर ओपीडी बंद पडू लागली, की रुग्ण पाठवणारे डॉक्टर लवकरच पाठवणे सोडतात. प्रतीक्षेचा काळ, गैरहजेरी, आयएनआर लक्ष्यात असण्याचे प्रमाण आणि रुग्णालयात पुन्हा भरती यांची आधीची नोंद घेतली नसेल, तर नंतरच्या आकड्यांची तुलना करायला काहीच उरत नाही.

सेवेतून रुग्ण केव्हा मुक्त करायचा, हा निकष बहुतेक आराखड्यांत सुटतो. स्थिर झालेले रुग्ण त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पत्रासह परत पाठवले नाहीत, तर जागा त्यांनीच भरून जाते आणि नव्या रुग्णांची रांग पुन्हा मूळ ओपीडीच्या दाराशीच लागते.